खंडाळ्याचा घाट घरात बसवताना: खऱ्या लाइनवरून पहिला मॉडेल रेल्वे लेआउट

पुण्यात कोणाला मॉडेल रेल्वेचा नाद लागला आणि विचारलं की पहिला लेआउट (रूळ, डोंगर, स्टेशन असा छोटा मांडलेला देखावा) कशाचा करणार, तर उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, खंडाळ्याचा घाट. साहजिकच आहे, लहानपणी मुंबईला मामाकडे जाताना खिडकीला नाक लावून बोगदे मोजलेले असतात, बोगदा आला की सगळा डबा ओरडलेला असतो, ते डोक्यातून जात नाही. माझंही तेच होतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी अजून एक रूळही जोडलेला नाही पण करायचा तर घाटच करायचाय.

आधी एकदा कॅल्क्युलेटर घेऊन बसा

मी एचओ स्केल धरून बोलतोय, म्हणजे १:८७, खऱ्यापेक्षा ८७ पट लहान, कारण नवीन माणसाला इंजिन, रूळ, सांधे (गाडीला एका लाइनवरून दुसरीवर वळवणारे हलते रूळ) याच स्केलमध्ये सगळ्यात सहज मिळतात आणि हातात धरून काम करता येतं. एन स्केल १:१६० असतं, जागा खूप वाचते, पण भारतीय गाड्या त्यात फार कमी मिळतात.

कर्जत ते लोणावळा रुळाने साधारण २८ किलोमीटर. ८७ ने भागलं की ३२२ मीटर येतात. आता गाडी बघा. जुना आयसीएफ डबा साधारण २२.३ मीटरचा, मॉडेलमध्ये २५.६ सेंटिमीटर, म्हणजे २४ डब्यांची गाडी सहा मीटरच्या वर गेली आणि इंजिन अजून लागायचंय. वळणाचं तर विचारूच नका, भारतात ब्रॉडगेजला जास्तीत जास्त १० डिग्रीचं वळण चालतं, त्याची त्रिज्या १७५ मीटर, मॉडेलमध्ये ती २ मीटर होते, म्हणजे गाडी नुसती गोल फिरवायची तरी ४ मीटर रुंद खोली हवी. आपल्याकडे धायरीच्या वन बीएचकेमध्ये एक भिंत मिळाली तरी खूप.

हे आकडे घाबरवायला देत नाहीये. हे एकदा कागदावर लिहिलं की "जसाच्या तसा घाट" हा विचार डोक्यातून निघतो आणि खरं काम सुरू होतं, ते म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवणं.

गेज म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल एकदाच सांगतो. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, १:८७ मध्ये ते १९.३ मिलिमीटर यायला हवं, पण बाजारात एचओचा रूळ १६.५ चा मिळतो कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून आलाय. पहिल्या लेआउटला हा फरक सरळ मान्य करा. हाताने १९.३ चे रूळ बनवणारे लोक आहेत, पण तिथून सुरुवात केली तर वर्षभर गाडी धावणार नाही.

तुकडा निवडा आणि साल निवडा

कर्जतहून वर निघालं की पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा आणि मग लोणावळा. यातली एकच जागा घ्या. माझ्या पहिल्या लेआउटला मी आठ बाय चारच्या प्लायवर बोगदे, पूल, खंडाळा स्टेशन आणि लोणावळ्याचं यार्ड असं सगळं कोंबलं होतं आणि बघणारा प्रत्येक जण विचारायचा की हे नक्की कुठलंय. गोल गोल फिरणारी गाडी मुलांना आवडली पण दोन आठवड्यांनी मलाच त्यात बघण्यासारखं काही उरलं नाही.

मग जागा कशी निवडायची? ती किती सुंदर आहे यापेक्षा तिथे गाडी काय *करते* ते बघा. घाटात दोन गोष्टी अशा आहेत ज्या साध्या लाइनवर बघायला मिळत नाहीत.

एक म्हणजे बँकर. वर चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात, ती लोणावळ्यापर्यंत ढकलतात, तिथे सुटतात आणि मोकळी खाली परत येतात. कर्जतला गाडी थांबते ती यासाठी, आणि कर्जतचा बटाटेवडा प्रसिद्ध झाला तोही या थांब्यामुळेच. म्हणजे तुमच्याकडे एक मालगाडी आणि दोन इंजिनं असली तरी जाणं, ढकलणं, सुटणं, परत येणं असा खेळ तयार होतो.

दुसरी कॅच साइडिंग. ही मला घाटातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. ठाकूरवाडी, मंकी हिल अशा ठिकाणी खाली उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा नेहमी एका आंधळ्या लाइनकडे लावलेला असतो, ती लाइन डोंगराकडे वर चढत जाते आणि तिथेच संपते. उतरणारी गाडी सांध्याच्या अलीकडे थांबते, थांबली म्हणजे ब्रेक धरतायत हे कळलं, मग सांधा मेन लाइनला फिरतो, सिग्नल मिळतो आणि गाडी पुढे निघते. ज्या गाडीचे ब्रेक गेलेत ती थांबणारच नाही, ती आपोआप साइडिंगवर चढेल आणि चढावरच तिचा जोर संपेल. एका सांध्यात आणि पाऊण मीटर रुळात घाटाची सगळी भीती आणि सगळी काळजी दिसते, यापेक्षा चांगला विषय पहिल्या लेआउटला नाही.

जाता जाता, नवीन लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो. मुंबईपासून लांब जाणारी गाडी डाउन, त्यामुळे घाट वर चढणारी गाडी डाउन असते आणि उतरणारी अप. वहीत सुरुवातीलाच मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

साल ठरवणंही तितकंच महत्त्वाचं. घाट १८६३ मध्ये सुरू झाला, १:३७ चा चढ होता आणि खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं जिथे गाडीची दिशा उलटी व्हायची, ते १९२९ मध्ये बंद झालं. त्याच सुमाराला १५०० व्होल्ट डीसीची वीज आली आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. आता तिथे २५ हजार व्होल्ट एसी आहे, २०२२ पासून डेक्कन क्वीनला एलएचबी म्हणजे नव्या धाटणीचे डबे आहेत, २०२३ पासून सोलापूर वंदे भारत जाते. साल पक्कं केलं की काय घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही हे आपोआप ठरतं आणि पैसे वाचतात. विटकरी रंगाचे डबे हवेत तर वंदे भारतचा मोह सोडावा लागेल. १९३० च्या आसपासचं करायचं असेल तर "खेकडा" म्हणून ओळखलं जाणारं डब्ल्यूसीजी-१ इंजिन आठवा, त्याचं नातं स्वित्झर्लंडच्या क्रोकोडाइल इंजिनाशी आहे आणि तसली मॉडेल्स एचओमध्ये मिळतात, रंग आणि थोडं काम करून जवळ जाता येतं. पण पहिल्या वेळी आत्ताचा काळ घ्या, कारण मग शंका आली की गाडीत बसून बघून येता येतं.

महिनाही ठरवा. ऑगस्टमधला घाट आणि एप्रिलमधला घाट एक दिसत नाहीत.

बघून या

पुण्याहून कर्जतला थांबणारी गाडी पकडा, खिडकीची जागा घ्या, मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा आणि परत येताना दुसऱ्या बाजूचा काढा. कर्जतला तासभर बसा आणि बँकर कसे लागतात ते नीट बघा, किती इंजिनं, कोण काय झेंडा दाखवतं, लागल्यावर किती वेळाने गाडी हलते. रुळावर उतरायचं नाही, घाटात तर अजिबात नाही, तो रेल्वे कायद्याने गुन्हाही आहे आणि तिथे जीवही जातो. बाकी सगळं उपग्रहाच्या नकाशावर दिसतं. वहीत मापांपेक्षा नात्यांची नोंद करा, म्हणजे बोगद्याचं तोंड रुळाच्या मानाने केवढं, विजेचा खांब डब्याच्या किती वर जातो, संरक्षक भिंतीचा दगड कसा लावलाय, पाणी कुठून झिरपतंय.

पुण्यात राहत असाल तर कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय एकदा नाही, दोनदा बघा. पहिल्यांदा गाड्या बघून होतील, दुसऱ्यांदा रूळ कुठे लपवलेत, वळण कशाच्या मागे घेतलंय ते बघा.

घाट चढात नसतो, दरीत असतो

हे मला उशिरा कळलं आणि सगळा लेख खरं तर याच्यासाठी लिहितोय. नवीन माणूस घाट करायचा म्हणजे रूळ वर चढवायला बघतो. एका लाइनवरून दुसरी न्यायची तर मध्ये कमीत कमी ८ सेंटिमीटर उंची हवी, १:३७ ने तिथवर चढायला जवळजवळ तीन मीटर रूळ लागतो, वर वळणात घर्षण वाढतं, इंजिन घसरतं, सोडलेला डबा मागे पळतो. आणि एवढं करूनही बघणाऱ्याला चढ जाणवत नाही.

उलटं करा. रूळ जवळजवळ सपाट ठेवा आणि जमीन खाली सोडा. रुळाच्या पुढची २५ सेंटिमीटर पट्टी ३० सेंटिमीटर खाली उतरवा, मागे कडा उभा करा, रूळ मध्ये कोरलेला दिसला पाहिजे. लेआउट छातीच्या उंचीवर लावा, साधारण १२० सेंटिमीटर, म्हणजे नजर गाडीवर वरून पडणार नाही. बस, घाट दिसायला लागतो. आणि थोडा चढ हवाच असेल तर एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, सह्याद्रीचा काळा पाषाण आडव्या थरांचा आहे, ते थर कड्यावर अगदी लेव्हलने आडवे काढले आणि रूळ दीड मीटरमध्ये फक्त २ सेंटिमीटर चढवला तरी डोळ्याला तो फरक लगेच कळतो.

माझा सध्याचा प्लॅन

एल आकार. मोठी भिंत १२ फूट, छोटी ८ फूट, रुंदी दोन फूट. दिसणारा भाग फक्त दीड मीटर, म्हणजे खऱ्या घाटातले १३० मीटर. डावीकडे बोगदा, त्याच्या आत कोपऱ्याचं वळण आणि पुढे छोट्या भिंतीवर तीन लाइनचं झाकलेलं यार्ड, हे झालं कर्जत. उजवीकडे बोगदा आणि आत दोन लाइन, हे लोणावळा. मध्ये एकच लाइन, घाटात तीन लाइन आहेत, त्यातली ही मी मधली मानलीय कारण तिच्यावरून दोन्ही दिशांना गाड्या जातात. उजव्या बोगद्यापासून ५० सेंटिमीटरवर कॅच साइडिंगचा सांधा, साइडिंग डावीकडे ६५ सेंटिमीटर कड्याला चिकटून चढत जाते. उतरणारी गाडी आली की इंजिन आणि एक डबा बोगद्याबाहेर येऊन थांबतो, बाकी गाडी आतच असते. आणि खरं सांगतो, आत तीन डबे आहेत की वीस हे बघणाऱ्याला कळत नाही, बोगद्याचा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

गाडीची लांबी आधी मोजून यार्ड काढा. बॉक्सएन वाघिण (मालगाडीचा उघडा डबा) १०.७ मीटरची, मॉडेलमध्ये १२.३ सेंटिमीटर. पाच वाघिणी, पुढे एक इंजिन, मागे एक बँकर, मिळून साधारण ११० सेंटिमीटर होतात, त्यात सांध्याचे २२ आणि थोडी मोकळी जागा मिळवली की दीड मीटर लागतात. सुरुवात मालगाडीनेच करा, वाघिणी आखूड असल्याने ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावरही छान जातात. लांब डबे त्या वळणात पोटातून आत आणि टोकाला बाहेर येतात, म्हणून असं वळण बोगद्यात लपवायचं आणि आतल्या भिंतींना जागा जास्त ठेवायची.

हा प्लॅन कॉम्प्युटरवर काढायचा तर एक्सट्रॅककॅड नावाचा प्रोग्रॅम फुकट आहे. पण त्यानंतर जमिनीवर वर्तमानपत्रं चिकटवून पूर्ण मापात खडूने काढाच. पेको कंपनी आपल्या सांध्यांचे पूर्ण मापाचे कागदी नमुने फुकट देते, ते प्रिंट काढून कापून कागदावर ठेवा. स्क्रीनवर जमलेले तीन सांधे कागदावर भिंतीच्या बाहेर जातात हे माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

जागा याहूनही कमी असेल तर घाट सोडून नेरळ-माथेरानचा विचार करा. १९०७ ची दोन फुटी लाइन, १:२० पर्यंतचा चढ, नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान एवढीच स्टेशनं. नॅरोगेजला मुळातच ४४ मीटर त्रिज्येपर्यंतची वळणं चालतात, मॉडेलमध्ये ती ५० सेंटिमीटर होतात, म्हणजे तिथे आपल्याला फार खोटं बोलावं लागत नाही. ९ मिलिमीटरचा रूळ वापरतात. फक्त गाड्यांच्या बॉड्या स्वतः बनवाव्या लागतात.

सांगाडा, रूळ, वायरी

टिंबर मार्केटमधून दोन बाय एकच्या पट्ट्या आणि १२ मिलिमीटरचा प्लाय घ्या, प्लाय पाण्याला टिकणाराच घ्या, स्वस्तातला जुलैत वाकतो आणि रूळही त्याच्याबरोबर वाकतो. पूर्ण पाटा करू नका, पट्ट्यांची चौकट करून फक्त रुळाखाली प्लाय टाका, नाहीतर दरी सोडणार कुठे. प्लायवर कॉर्क शीट, त्यावर रूळ. रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या, पितळेचे स्वस्त पडतात पण आपल्या दमट हवेत लवकर काळे होतात.

वायरी तपकीर गल्लीत मिळतील. चौकटीखालून घरगुती फिटिंगची दोन रंगांची जाड वायर शेवटपर्यंत न्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यातून बारीक वायर द्या, नुसत्या जोडपट्टीवर विसंबलात की सहा महिन्यांत गाडी मध्येच मरते. बँकर करायचा म्हणजे पुढे मागे दोन इंजिनं, त्यांचा वेग जुळला पाहिजे. सरळ रुळावर दोन्ही एका वितीच्या अंतराने सोडा आणि बघा. मागचं पुढच्याला गाठत असेल तर वळणात मधल्या वाघिणी उचलल्या जातात. मागचं किंचित हळू असलेलं चालतं. डीसीसी (प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी यंत्रणा) घेतलं तर हे सेटिंगमध्ये जुळवता येतं, साध्या डीसीवर एकाच कंपनीची दोन सारखी इंजिनं घ्या.

डोंगर करायच्या आधी महिनाभर उघड्या लाकडावर गाडी चालवा. आणि बोगद्याला मागून हात जाईल एवढी खिडकी ठेवा. मी ठेवली नव्हती. गाडी आत घसरली, हात पोचला नाही, कॅमेरा आत घालून बघितलं तर वाघिण आडवी, शेवटी तीन आठवडे रंगवलेला कडा करवतीने कापला.

डोंगर

इथे मात्र पुणेकराला कोणी शिकवायची गरज नाही, दिवाळीत किल्ला केलाय ना? पोतं मातीच्या चिखलात बुडवून विटांवर टाकायचो, तेच करायचं. मातीच्या जागी प्लॅस्टर ऑफ पॅरिस, पोत्याच्या जागी जुन्या सुती साडीचे तुकडे, विटांच्या जागी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी. ओला कपडा टाकला की बोटांनी आडवे थर ओढा, सुकल्यावर जुन्या स्क्रू ड्रायव्हरने उभ्या भेगा पाडा. रंग काळा देऊ नका. पाषाण लांबून राखाडी-तपकिरी दिसतो, पाणी झिरपतं तिथेच काळा. आधी पातळ तपकिरी, मग पातळ राखाडी, शेवटी कोरड्या ब्रशने कडांवर फिकट पिवळसर.

खडीला वेळ द्या. खरी खडी ६५ मिलिमीटरपर्यंतची, मॉडेलमध्ये पाऊण मिलिमीटर. बांधकामाच्या ठिकाणची दगडाची कच आणा, धुवा, वाळवा, चहाच्या गाळणीतून गाळा, जे वर राहील ते टाकून द्या, जे खाली पडेल ते परत मैद्याच्या चाळणीतून चाळून पीठ काढून टाका, मधलं उरतं ते आपलं. त्यावरून लोहचुंबक चार वेळा फिरवा, लोखंडाचा कण इंजिनाच्या मोटरमध्ये गेला की गेली मोटर. चमच्याने रुळात पसरा, मऊ ब्रशने स्लीपरच्या वरचे दाणे खाली लोटा, मग पाण्याचा बारीक फवारा, मग फेविकॉल आणि पाणी सारख्या प्रमाणात, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि ड्रॉपरने थेंब थेंब. साबण विसरलात तर थेंब खडीवर मोत्यासारखा बसतो आणि दाणे घेऊन घरंगळतो. सांध्याच्या हलणाऱ्या पट्टीपाशी गोंद नको, तिथे खडी कोरडीच ठेवा.

विजेचे खांब लावा, पहिल्या वेळी तारा लावू नका. खऱ्या लाइनवर दोन खांबांत जास्तीत जास्त ७२ मीटर असतात, वळणात ते जवळ येतात. दीड मीटरच्या तुकड्यात तीन-चार खांब पुरतात, तार नसली तरी डोळा ती भरून घेतो.

चालवायचं कसं

वहीत सात-आठ ओळींचा क्रम लिहा. डाउन मालगाडी कर्जत यार्डातून निघते, मागे बँकर. हळू चालवा, घाटात कोणी पळत नाही. लोणावळ्याच्या बोगद्यात गेली की बँकर सोडा, तो एकटा खाली येतो, सांध्याअलीकडे थांबतो, मग जातो. मग अप पॅसेंजर. इंजिन आणि एक डबा बाहेर, थांबा. मोठ्याने वीसपर्यंत मोजा. घरात दुसरं कोणी असेल तर सांधा त्यांच्याकडे द्या, माझ्याकडे मुलगी सांधेवाली असते, ती वीस झाल्याशिवाय सांधा फिरवत नाही, मी घाई केली तर एकोणीसवर थांबून माझ्याकडे बघते. मग खट्, सांधा मेन लाइनला, सिग्नल हिरवा, आणि गाडी डाव्या बोगद्याकडे निघते. ती पूर्ण आत गेली की सांधा परत साइडिंगकडे लावायचा, पुढची गाडी त्यानंतरच सोडायची.